वॉशिंग मशीन पाणी घेत नाही, किंवा घेतलं की थांबवत नाही : इनलेट व्हॉल्व घरी कसा तपासायचा

मे महिना होता, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होता. नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरी पहिल्या मजल्यावर मशीन आहे. त्या दिवशी बटण दाबलं की नुसता घूंऽऽ आवाज यायचा, पाण्याची धार काही पडायची नाही. थोड्या वेळाने मशीनच्या डिस्प्लेवर खूण आणि बीप-बीप. नळ तर पूर्ण उघडा होता. मेकॅनिक आले, मागे डोकावले आणि म्हणाले, "ताई, व्हॉल्व गेला. पाणी येऊनच नाही राहिलं न!" इनलेट व्हॉल्व म्हणजे मशीनमध्ये नळाचं पाणी सोडणारी आणि थांबवणारी विजेची झडप. नवा व्हॉल्व बसला, पैसे दिले, मशीन चालली.

नवव्या दिवशी पुन्हा तेच.

या वेळी मी स्वतः नळ बंद करून मागचा पाइप सोडवला. व्हॉल्वच्या तोंडाशी प्लास्टिकची बारीक जाळी असते. तिच्यावर तपकिरी गाळ आणि पांढऱ्या क्षाराचा चिकट थर बसला होता. जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांत तो निघाला आणि मशीन पहिल्यासारखी भरायला लागली. जुना व्हॉल्व मी मेकॅनिककडून मागून घेतला होता. पुढे मल्टिमीटरने (वीज मोजायच्या छोट्या यंत्राने) तपासला, तर तो ठणठणीत होता. नवा व्हॉल्व चालला तो सोबत नवी स्वच्छ जाळी आली म्हणून.

तेव्हापासून शेजारीपाजारी, नात्यात जिथे जिथे "व्हॉल्व गेला" असं ऐकलं, तिथे आधी क्रमाने तपासायला लावलं. तोच क्रम इथे लिहिते आहे. हे सगळं फुल्ली ऑटोमॅटिक मशीनसाठी आहे, टॉप लोड असो की फ्रंट लोड. सेमी ऑटोमॅटिकमध्ये विजेवर चालणारा असा व्हॉल्व नसतो. तिथे पाणी आपणच सोडतो आणि आपणच बंद करतो.

१. आधी हे जवळ घ्या

- मशीनचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो (बहुधा मशीनच्या मागे असतं, फ्रंट लोडमध्ये दाराच्या आतल्या कडेलाही सापडतं)
- नोज प्लायर आणि साधी पक्कड
- चार धारांचा पेचकस
- जुना टूथब्रश, दोन बादल्या, जाड फडकं
- लिंबूसत्त्व किंवा पांढरं व्हिनेगर
- डिजिटल मल्टिमीटर (साधा, पिवळा, स्वस्तातला चालतो)
- पाइपच्या टोकात बसणारे एक-दोन रबरी वायसर

वॉरंटी शिल्लक असेल तर पाचव्या पायरीपर्यंतच जा. जाळी साफ करणं हे ग्राहकाचंच काम आहे, पुस्तिकेतही ते दिलेलं असतं. झाकण मात्र खोलू नका. आत हात घातलेला दिसला की वॉरंटीवरून वाद होतो.

आणि एक गोष्ट प्रत्येक पायरीला लागू आहे. पाइपला किंवा वायरला हात लावण्याआधी नळ बंद आणि प्लग सॉकेटमधून बाहेर. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही. या व्हॉल्वच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, बहुतेक मशीनमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज जाते, आणि शेजारीच पाणी असतं.

२. व्हॉल्व काम कसं करतो ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. एवढं कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

व्हॉल्वच्या पोटात रबराचा एक पडदा असतो. पडद्याच्या मध्यभागी एक भोक असतं, त्यावर लोखंडी दांडी स्प्रिंगच्या जोराने टेकलेली असते. पडद्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं दुसरं भोक असतं. नळाचं पाणी त्या बारीक भोकातून पडद्याच्या वरच्या बाजूला जातं, तिथे साठतं, आणि वरून दाब देऊन पडदा घट्ट मिटवून ठेवतं. म्हणजे व्हॉल्व बंद राहतो तो मुख्यतः पाण्याच्याच दाबावर.

मशीनने कॉइलला वीज दिली की चुंबक होतो, दांडी वर खेचली जाते, मधलं भोक उघडतं आणि पडद्यावरचं पाणी निसटतं. वरचा दाब गेला की खालचं पाणी पडदा उचलून आत शिरतं. वीज थांबली की दांडी खाली, पडद्यावर पुन्हा पाणी साठतं, व्हॉल्व बंद.

यातून तीन गोष्टी कळतात. कॉइल जळली तर दांडी उचलणार नाही आणि पाणी येणार नाही. कडेच्या त्या बारीक भोकात रेतीचा कण अडकला तर पडद्यावर दाब साठणार नाही आणि पाणी थांबणार नाही. आणि नळालाच दाब नसेल तर पडदा नीट उचलत नाही, नीट मिटतही नाही. तिसऱ्या प्रकारात व्हॉल्व बदलून काहीच फरक पडत नाही.

३. तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

(अ) पाणी अजिबात येत नाही, घूं आवाजही नाही.
(आ) घूं आवाज येतो, पाणी येत नाही किंवा करंगळीएवढी धार येते.
(इ) पाणी भरत राहतं, थांबत नाही, किंवा मशीन बंद असतानाही ड्रममध्ये थेंब पडतात.

(अ) असेल तर पायऱ्या ४ आणि ६ बघा, (आ) असेल तर ४ आणि ५ (त्यानेही भागलं नाही तर ६), आणि (इ) असेल तर नळ आत्ताच बंद करा आणि थेट सातव्या पायरीवर या.

मशीनच्या डिस्प्लेवर खूण येत असेल तर ती स्वतःच्या कंपनीच्या पुस्तिकेतच बघा. एलजीच्या मशीनवर 'आय-ई' म्हणजे पाणी आत येण्याची अडचण. सॅमसंगमध्ये तीच '४-ई' किंवा '४-सी', बॉशमध्ये 'ई-१७'. गल्लत 'ओ-ई'ची होते. एलजीत ती पाणी बाहेर न जाण्याची खूण आहे, आणि सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पाणी जास्त भरल्याची. शेजारच्यांच्या मशीनवरून आपला अर्थ लावला तर भलताच भाग बदलून बसाल.

४. पेचकस न लावता होणाऱ्या तपासण्या

*नळ आणि पाइप.* मशीन मागे सरकवताना पाइप दुमडतो. हे हात घालून बघा, नुसतं डोकावून कळत नाही.

*गरम-थंड.* काही मशीनना दोन पाण्याची तोंडं असतात, थंड आणि गरम. आपल्याकडे बहुतेक घरी फक्त थंड जोडलेलं असतं. चुकून प्रोग्रॅम 'हॉट' किंवा 'वॉर्म'वर गेला तर मशीन गरम तोंडाच्या पाण्याची वाट बघत बसते आणि शेवटी बीप देते. माझ्या नणंदेकडे हेच झालं होतं. प्रोग्रॅम 'कोल्ड'वर घेतला, तक्रार संपली.

*दार.* फ्रंट लोडचं दार लॉक झाल्याशिवाय व्हॉल्वला वीज जात नाही. खट्कन आवाज आला का ते ऐका.

*निचऱ्याचा पाइप.* पंपाने पाणी बाहेर टाकणाऱ्या मशीनचा हा पाइप जमिनीवर लोळत असेल तर आत आलेलं पाणी तिकडून वाहून जातं. मग मशीन भरतच नाही आणि दोष मात्र व्हॉल्ववर येतो. पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर तो अडकवा.

*दाब.* आपल्या शहरात याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पाण्याची टाकी मशीनपेक्षा जितकी उंच तितका दाब. दर एक मीटर उंचीला साधारण ०.०१ मेगापास्कल मिळतो. मशीनच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो. तो ०.०३ मेगापास्कल असेल तर टाकीतलं पाणी मशीनच्या तोंडापासून किमान ३ मीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट वर हवं. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या भागांत कितीतरी घरं एक-दोन मजल्यांची आहेत, टाकी स्लॅबवर विटांच्या दोन थरांवर ठेवलेली असते आणि मशीन वरच्याच मजल्यावर. तिथे टाकी अर्धी झाली की दाब किमानाच्या खाली जातो. सकाळी मशीन चालते, दुपारी चालत नाही, असं होत असेल तर पहिला संशय याचाच घ्या.

मोजायचं कसं? मशीनचा पाइप नळावर तसाच ठेवून मशीनकडचं टोक बादलीत सोडा, नळ पूर्ण उघडा आणि मोबाइलवर वेळ लावा. काही पुस्तिकांत मिनिटाला किमान ८ लिटर धार हवी असं लिहिलेलं आहे. १० लिटरची बादली सव्वा मिनिटाच्या आसपास भरली तर काळजी नाही. चार-पाच मिनिटं लागत असतील तर दोष मशीनच्या बाहेर आहे. टाकी उंच स्टँडवर चढवा किंवा टाकीनंतरच्या लाइनवर प्रेशर पंप बसवा. कमी दाबावर चालणारे व्हॉल्व असलेली मशीनही मिळतात, नवी घ्यायची वेळ आली तर आधी हे विचारा.

महापालिकेच्या लाइनला थेट टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावून हा प्रश्न सोडवू नका. तो बेकायदा आहे, जप्त होतो, आणि लाइनीतला सगळा गाळ ओढून तुमच्याच जाळीवर आणून टाकतो.

५. जाळी साफ करा

माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर दहातली बहुतेक मशीन या पायरीवरच सुरू झाली.

नळ बंद. प्लग बाहेर. पाइपमधलं उरलेलं पाणी बादलीत घ्या, मग पाइपच्या मशीनकडच्या टोकाची आट्यांची चकती हाताने उलटी फिरवा. जाम असेल तर पक्कडीखाली फडकं घ्या, नाहीतर प्लास्टिकचे आटे तुटतात. आत व्हॉल्वच्या तोंडात टोपीसारखी जाळी दिसेल. तिला मध्ये छोटी दांडी असते, ती नोज प्लायरने धरून सरळ बाहेर ओढा. पिळू नका. नळाकडच्या टोकालाही कधी कधी दुसरी जाळी असते, ती हमखास विसरली जाते.

गाळ असेल तर ब्रश आणि नळाची धार पुरते. पांढरा, दगडासारखा थर असेल तर तो क्षार आहे. कोमट पाण्याच्या वाटीत चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा थर ओळखीचा असेल. उन्हाळा संपताना कूलरच्या ताट्यांवर (पॅडवर) जो पांढरा भुगा जमतो तोच हा. नळाला पेंच-कन्हान नद्यांचं शुद्ध केलेलं पाणी येत असलं तरी बहुतेक घरांत ते बोअरच्या पाण्याबरोबर एकाच टाकीत पडतं. शिवाय जलवाहिनीचं काम झालं किंवा पुरवठा एक-दोन दिवस बंद राहून सुरू झाला की पहिलं पाणी गढूळ असतं. टँकरचं पाणी घेतलं असेल तर जाळी लगेच बघा.

जाळी परत बसवा. पाइपच्या चकतीतलं रबरी वायसर चपटं किंवा चिरलेलं असेल तर बदला. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही, पाणी अडवतं ते वायसर. चकती हाताने घट्ट करा, नळ सोडा, पाच मिनिटं गळती बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक : "जाळीमुळे पाणी अडतं" म्हणून जाळीच काढून फेकणं. काही मेकॅनिकही हे करतात. पाणी त्या दिवशी जोरात येतं खरं. पण मग रेतीचा कण थेट रबरी पडद्याकडे जातो, ते बारीक भोक बुजतं, आणि एके दिवशी पाणी थांबतच नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडे असंच झालं. दुपारी सगळे कूलरसमोर झोपलेले, मशीन बंद, पण व्हॉल्व उघडा अडकलेला. आख्खी टाकी ड्रममधून ओसंडून बेडरूमच्या दिवाणापर्यंत पोचली. गाद्या उन्हात वाळल्या, प्लायवूडचा दिवाण मात्र फुगला तो फुगलाच.

६. आवाज ऐका, मग कॉइल मोजा

मशीन पाणी घेण्याच्या वेळी मागे कान द्या. घूं आवाज येत असेल तर कॉइलला वीज पोचते आहे. जाळी स्वच्छ, धार चांगली, तरी पाणी नाही, तर आतली दांडी किंवा पडदा जाम आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज फार पडतं तेव्हा चुंबक दुबळा होतो आणि दांडी अर्धवट उचलते. दिवे मंद दिसत असतील तर सकाळी पुन्हा करून बघा.

आवाजच नसेल तर कॉइल मोजायची. प्लग काढून पाच मिनिटं थांबा. फ्रंट लोडमध्ये मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण मागे सरकवून उचललं की मागच्या कोपऱ्यात व्हॉल्व दिसतो. टॉप लोडमध्ये तो मागच्या वरच्या पट्टीखाली असतो. वायरींचा फोटो काढा, मग कनेक्टर ओढा. वायर धरून नाही, कनेक्टर धरून.

मल्टिमीटर ओमच्या (विजेचा रोध मोजायच्या) '२०-के'वर ठेवा आणि कॉइलच्या दोन पत्त्यांना टोकं लावा. २३० व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ५ किलो-ओम येतात. स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता '१' दिसला तर कॉइल आतून तुटलेली आहे, व्हॉल्व बदला. आकडा शून्याजवळ आला तर ती शॉर्ट आहे, तशी मशीन चालवू नका, मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळेल. व्हॉल्वला दोन-तीन कॉइल असतील तर एकमेकींशी ताडून बघा, सारख्या कॉइलचे आकडे जवळजवळ सारखे येतात. मीटर कमी विश्वासाचा असला तरी ही तुलना फसवत नाही.

कॉइल चांगली आणि आवाजही नाही, म्हणजे वीज तिथपर्यंत पोचतच नाही. दोष वायरीत, दाराच्या लॉकमध्ये किंवा बोर्डात. इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. चालू मशीनमध्ये व्होल्टेज मोजणं किंवा कॉइलला बाहेरून थेट वीज देऊन बघणं ओल्या जागेत जिवावर बेतू शकतं. कोणी करून दाखवतो म्हणाला तरी घरात करू देऊ नका.

७. पाणी थांबत नसेल तर

एकच तपासणी, आणि ती अगदी स्पष्ट निकाल देते. पाणी भरत असताना प्लग काढा.

प्लग काढूनही पाणी येत राहिलं, तर व्हॉल्व आतून उघडा अडकला आहे. विजेचा संबंधच उरला नाही. प्लग काढताच पाणी थांबलं, तर व्हॉल्व बरोबर आहे आणि त्याला चुकीने वीज दिली जाते आहे. मग ड्रमच्या बाजूने वर जाणारी बारीक हवेची नळी बघायला सांगा. पाणी किती भरलं हे मशीनला त्या नळीतल्या हवेच्या दाबावरून कळतं. नळी निसटली किंवा साबणाच्या गाळाने बुजली की मशीनला ड्रम रिकामाच वाटतो. तीही ठीक असेल तर बोर्ड.

आत अडकलेला व्हॉल्व झटकून, ठोकून, लिंबूसत्त्वात बुडवून पुन्हा वापरू नका. चार धुण्यांनंतर तो परत अडकेल आणि तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही. इथे नवाच घ्या. काही शे रुपयांत येणारा भाग आहे.

८. नवा व्हॉल्व घेताना आणि बसवताना

बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा जवळच्या स्पेअर पार्टवाल्याकडे जाताना जुना व्हॉल्व सोबत न्या, फोटोवर भागवू नका. चार गोष्टी जुळवा : कॉइल किती, कॉइलवर छापलेलं व्होल्टेज, पाणी बाहेर पडण्याची दिशा (सरळ की काटकोनात) आणि स्क्रूची पट्टी. पाण्याचं तोंड बहुतेक सगळ्यांना पाऊण इंचीच असतं, त्यामुळे "बसतो" म्हणजे "तोच आहे" असं नव्हे.

बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. आतल्या रबरी नळीची स्प्रिंगची क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा, नळी काढा, स्क्रू काढा, नवा लावा, फोटो बघून कनेक्टर जोडा. दोन कॉइलच्या व्हॉल्वमध्ये कनेक्टर उलटसुलट झाले तर साबणाऐवजी कम्फर्टच्या कप्प्यात पाणी पडतं. झाकण लावण्याआधी प्लग न लावताच नळ सोडा आणि दहा मिनिटं बघा. सांधा कोरडा आणि ड्रम कोरडा, मगच झाकण, मग प्लग, मग रिकाम्या मशीनचं एक छोटं धुणं.

९. नंतर

मशीनच्या आधी पारदर्शक भांड्याचा सेडिमेंट फिल्टर बसवून घ्या, गाळ डोळ्यांना दिसतो. त्याने दाब थोडा कमी होतो, म्हणून टाकी कमी उंचीवर असेल तर बादलीची चाचणी फिल्टर लावून पुन्हा करा. विरघळलेला क्षार त्यात अडकत नाही, त्यामुळे बोअरवाल्यांनी जाळी दर दोन महिन्यांनी बघायचीच. नळाचं पाणी असेल तर वर्षातून तीन-चारदा पुरे, त्यातली एक वेळ पावसाळा सुरू झाल्यावरची ठेवा. धुणं झालं की मशीनचा नळ बंद.

मेकॅनिकला फोन करायचाच असेल तर "पाणी येत नाही" एवढंच सांगू नका. "जाळी साफ केली, बादली सव्वा मिनिटात भरते, घूं आवाज येत नाही, कॉइल ३.८ किलो-ओम दाखवते" असं सांगा, आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.